सशाचे गवत आणि आजीची गोळी



या सदरात आपण बहुतेक वेळा गुडघे, मोतीबिंदू, साखर आणि रक्तदाब यांविषयीच बोलतो. आज मी सशाविषयी लिहिणार आहे. हसू नका. ज्यांची मुले परगावी किंवा परदेशी फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्याकडे नातवंडांच्या हट्टाने आज ना उद्या एखादे जनावर येतेच. आमच्याकडे ससा आला. त्याच्यापायी मी नर्स असूनही जी चूक केली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

यजमान गेल्यानंतर मी लेकीकडे बहारीनमध्ये राहायला आले. आम्ही हिद्दला राहतो. मुहर्रक बेटाच्या आग्नेय टोकाचे हे गाव. पूर्वी मासेमारी करणाऱ्यांचे आणि मोती काढणाऱ्यांचे, आता जवळच मोठे बंदर आहे. समुद्राचा वास आला की मला अलिबागकडचे आमचे गाव आठवते. फरक उन्हाळ्याचा. इथे मे महिना लागला की खिडक्या बंद होतात त्या ऑक्टोबरपर्यंत. बाहेर भाजणारे ऊन, दमट हवा, मध्येच वायव्येकडून येणारा धुळीचा वारा. घरात रात्रंदिवस एसी.

माझी नात दहा वर्षांची. तिच्या पांढऱ्या सशाचे नाव कापूस. सशाला उष्णता सोसत नाही. पारा तिशीकडे गेला की त्याला त्रास होऊ लागतो, त्यामुळे इथल्या उन्हाळ्यात त्याला गॅलरीत ठेवणे म्हणजे मारणेच. तेव्हा कापूस घरात, त्याचे गवत घरात आणि आम्हीही घरात.

आधी मला सकाळी शिंका येऊ लागल्या. एकामागून एक दहा-बारा. मग डोळ्यांना खाज, नाकातून पाणी, टाळूला हुळहुळ. नातीला मदत म्हणून मी सशाच्या टोपलीत गवत भरायची. त्या दिवशी हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे उठत. मला कळत नव्हते असे नाही. चौतीस वर्षे मुंबईच्या हॉस्पिटलात काढली आहेत. पण मनात आले, हे सांगितले तर लेक म्हणेल ससा देऊन टाकू, आणि पोरीचा जीव त्याच्यात गुंतलेला. मुंबईहून आणलेल्या डब्यात सर्दीच्या जुन्या गोळ्या होत्या. रोज रात्री एक घेऊ लागले, मग दोन. कोणी विचारले तर सांगायचे, "काही नाही गं, इथली धूळ."

तीन आठवड्यांनी एका रात्री बाथरूमला उठले, डोके गरगरले आणि दाराशी पडले. मनगट सुजले, हाड वाचले. आमच्या वयात असे पडणे कुठवर नेते हे मी वॉर्डात शेकडो वेळा पाहिले आहे. खुब्याचे हाड मोडून आलेल्या किती बायांना मीच विचारले असेल, "रात्री झोपेची गोळी घेतली होती का?" आता तोच प्रश्न लेकीने मला विचारला. "आई, तू सांगितलं का नाहीस?"

पण गोष्ट इथे संपली नाही. आमचे बोलणे नातीने ऐकले होते. चार दिवसांनी कापूस एका कोपऱ्यात अंग आखडून बसला. खाईना, लेंड्याही टाकीना. जावई त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले. डॉक्टरांनी विचारले, गवत किती देता? तेव्हा पोरगी रडू लागली. आजीला शिंका येऊ नयेत म्हणून ती रोज मूठभरच गवत घालत होती आणि पोट भरावे म्हणून गाजर आणि बिस्किटे देत होती. आजीने नातीसाठी आजार लपवला आणि नातीने आजीसाठी सशाला उपाशी ठेवले. ससा वाचला, पण मला फार लाज वाटली.

म्हणून आधी गवताचे महत्त्व सांगते. सशाचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला दोन-तीन मिलीमीटर. ते झिजतात गवत चावून. त्याचे आतडेही गवताच्या चोथ्यामुळेच चालते. गवत बंद झाले की आतडे थांबते, पोटात वायू धरतो आणि एका दिवसात जिवावर बेतू शकते. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल तर सकाळची वाट पाहू नये. त्याला रोज त्याच्या अंगाएवढा गवताचा ढीग लागतो. गाजर हा आपण चित्रांत पाहिलेला खाऊ, त्याचे जेवण नव्हे. ससा आपल्याला खायला वर्ज्य, पण घरात ठेवला की त्याच्या पोटाची जबाबदारी आपली. शेमाच्या दुसऱ्या परिच्छेदात आधी गुरांच्या गवताचा उल्लेख येतो, मग आपल्या जेवणाचा. त्यावरूनच आपले वडीलधारे जनावराला आधी घालून मग पानावर बसत. आमच्या आजोबांच्या घाण्याचा बैलसुद्धा त्यांच्या आधी जेवे.

ते आजोबा उडवीतून पेंढा काढताना शिंकून बेजार होत. आजी म्हणे धूळ गेली नाकात. आता वाटते, त्यांनाही हेच असावे. हा आजार काही नवा नाही. १८१९ मध्ये लंडनच्या जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी स्वतःचाच दर उन्हाळ्यात येणारा त्रास लिहून ठेवला. लोकांनी दोष नव्या कापलेल्या गवताला दिला आणि त्याला गवताचा ताप म्हणू लागले. खरे तर त्यात ताप नसतो. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनाही हाच त्रास होता. त्यांनी गवताचे परागकण स्वतःच्या अंगावर लावून पाहिले आणि खोडी परागकणांची आहे हे १८७३ मध्ये पुस्तकातून मांडले. सुक्या गवतात हे परागकण असतातच, शिवाय बुरशीचे कण, बारीक किडे आणि धूळ. बंद घरात एसीची हवा तेच पुन्हा पुन्हा फिरवते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की दोष कोणाचा ते आधी शोधा. काहींना गवताची अॅलर्जी असते, काहींना सशाचीच, म्हणजे त्याच्या लाळेची, केसांची आणि लघवीची. आठ दिवस वही ठेवा. गवत हाताळले तेव्हा शिंका आल्या, की ससा मांडीवर घेतला तेव्हा? माझ्या वहीत उत्तर स्पष्ट दिसले. मग डॉक्टर त्वचेवर थेंब टाकून टोचून तपासतात किंवा रक्त तपासतात. त्वचेच्या तपासणीआधी अॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टरांनाच विचारा आणि रक्तदाबाच्या, हृदयाच्या सगळ्या गोळ्यांची यादी त्यांना दाखवा.

दुसरे म्हणणे गोळ्यांविषयी, आणि ते मी जरा जोरात सांगते. फेनिरामाइन, क्लोरफेनिरामाइन ही जुनी औषधे आपल्या प्रत्येक घराच्या डब्यात असतात. तरुणपणी ती चालून गेली. पासष्टीनंतर त्यांनी झोप येते, तोल जातो, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, कधी माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तर डोळ्यावर बेतू शकते. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत नाक मोकळे करणारे जे औषध असते ते रक्तदाब वाढवते. नाकात घालायचे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्तच चोंदते. आता झोप न आणणारी नवी औषधे मिळतात, जसे फेक्सोफेनाडीन, लोराटाडीन. मूत्रपिंड अशक्त असेल तर त्यांचेही प्रमाण डॉक्टर ठरवतात. रोजच्या त्रासाला नाकातला स्टिरॉइडचा फवारा सहसा जास्त उपयोगी पडतो. "स्टिरॉइड" म्हटले की आपण घाबरतो, पण तो मुख्यतः नाकातच काम करतो. मात्र तो आज मारला आणि आज बरे वाटले असे होत नाही. काही दिवस नियमाने वापरावा लागतो. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून नाक धुणे हा साधा उपायही चांगला.

तिसरे म्हणजे, प्रत्येक खोकला गवताच्या माथी मारू नका. रामिप्रिल, एनालाप्रिल अशा रक्तदाबाच्या गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो. रात्री उताणे झोपल्यावर दम लागत असेल, पाय सुजत असतील तर हृदय तपासायला हवे. छातीत शीळ वाजत असेल तर तो दमा असू शकतो. आणि बुरशीचे गवत हाताळल्यावर चार-आठ तासांनी थंडी वाजून ताप, खोकला व धाप आली तर ती फुफ्फुसांची वेगळी सूज असते. शेतकऱ्यांना होणारा हा रोग वारंवार झाला तर फुफ्फुसे कायमची बिघडतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये.

आता आमच्या घरी काय केले ते सांगते. गवत घालण्याचे काम जावयांनी घेतले. ते पहाटे, ऊन चढण्याआधी गॅलरीत गवत झटकतात आणि दिवसभराचे एकदाच भरतात. मला कधी हात लावावा लागलाच तर कोविडच्या वेळचा एन-९५ मास्क आणि लांब बाह्यांचा झगा घालते. मग झगा धुवायला टाकते, हात-तोंड धुते. ससा आणि गवत माझ्या खोलीत येत नाहीत. फरशी झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. एसीची जाळी दर पंधरवड्याला धुतो. लघवीच्या ट्रेमध्ये गवत किंवा भुसा न घालता कागदाचे गोळे घालतो. गवत एकदम मोठे पोते आणत नाही, कारण इथल्या दमट हवेत त्याला बुरशी धरते. कुबट वास आला की टाकून देतो. फार धूळ असेल तर पाणी शिंपडून देतो, पण ते ओले गवत काही तासांत उचलतो.

गवताची जातही पाहिली. मोठ्या सशाला टिमोथी गवत चांगले. ते थंड प्रदेशातले, त्यामुळे इथे बाहेरून येते आणि महाग पडते. त्यातही कणसे कमी आणि पाने जास्त असलेले घेतो, कारण परागकण कणसांत असतात. गवताची दुसरी जात घेऊन काहींना बरे वाटते, पण गवतांचे परागकण एकमेकांचे भाऊबंद असल्यामुळे खात्री नाही. इथे ज्याला जत म्हणतात ते आपले लसूणघास. ते या गवतांच्या कुळातले नाही आणि स्वस्तही आहे, म्हणून मोह होतो. परंतु त्यात कॅल्शियम फार. पिल्लाला ते चालते, मोठ्या सशाला रोज दिले तर मूत्राशयात गाळ साचतो.

इतके करून माझ्या शिंका गेल्या नाहीत, पण दिवसाला दोन-चारवर आल्या. रात्री झोप लागते, गोळीविना.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, ससा देऊन टाका. मला ते मान्य नाही. पोराने जीव लावलेले जनावर म्हणजे जुनी खुर्ची नव्हे. ते घालवण्याआधी दोन महिने वरचे उपाय करून पाहावेत. पण त्याबरोबर हेही सांगते. दमा असेल, छातीत शीळ वाजत असेल आणि उपाय करूनही थांबत नसेल, तर सशाला दुसरे चांगले घर शोधावे. तो निर्णय मुलाच्या पाठीमागे घेऊ नये. त्याला समोर बसवून कारण सांगावे. दहा वर्षांच्या मुलाला कळते. आमच्या पोरीला तर नको इतके कळले होते, फक्त कोणी नीट सांगितले नव्हते.

आपल्या पिढीला दुखणे गिळायची सवय आहे. मुलांच्या घरी राहतो, त्यांना त्रास नको, खर्च नको, असे आपण मनाशी म्हणतो. पण लपवलेले दुखणे रात्री बाथरूमच्या दाराशी उघडे पडते, आणि मग त्रास दुप्पट होतो. तेव्हा शिंक आली तर सांगा, चट्टा उठला तर दाखवा. आणि आज हा लेख वाचून झाला की औषधांचा डबा काढा, त्यातल्या सर्दीच्या जुन्या गोळ्या बाजूला करा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा.

कापूस बरा आहे. हे लिहिताना तो पलीकडच्या खोलीत कुरकुर गवत चावतो आहे. नातीने दारावर पाटी लावली आहे, "आजीला आत यायचे असेल तर मास्क." मी तो नियम पाळते.