छडी कुणाच्या पाठीवर?

छडीशिवाय पोरे सुधारत नाहीत, असे मानणारे लोक आजही आहेत आणि त्यांत आपलेही आईबाप आहेत. ‘गुरुजी, मारा, पण पोराला शिकवा,’ असे हात जोडून सांगणाऱ्या बापाची तळमळ आम्ही जाणतो. परंतु गुरुजींची छडी सर्वांना सारखीच लागते, हा त्याचा समज भाबडा आहे.

राजस्थानच्या जालोर जिल्ह्यातील सुराणा गावात जुलै २०२२ मध्ये ९ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला शिक्षकाने मारले. १३ ऑगस्टला अहमदाबादेत त्याचा मृत्यू झाला. शिक्षकाच्या माठाला हात लावला म्हणून मारले, असा कुटुंबीयांचा आरोप होता. शिक्षकाला अटक झाली. मग माठ होता की नव्हता, यावरच वाद रंगला. लेकरू गेले ते गेलेच! देश तेव्हा स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करीत होता.

बाबासाहेबांना शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. छडी न उगारताही शाळा लेकराला मारते, ती अशी.

म्हणूनच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ आपण नीट समजून घेतले पाहिजे. शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही त्यात बंदी आहे आणि दोषी शिक्षकावर शिस्तभंगाच्या कारवाईची तरतूद आहे. ‘तुम्ही फुकट शिकणारे’ असे वर्गात हिणवणे हा छळ नव्हे तर काय?

याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. वंचित घटकांना त्यांत प्रमाणशीर प्रतिनिधित्व आहे. आपल्या किती वस्त्यांतील आईबाप त्या बैठकीला जातात? सह्या करून परत येणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे.

एक कटू प्रश्न आपल्याच शिक्षक बांधवांना. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शेतकरी वर्गातले शिक्षक मागितले, ते बहुजनांच्या लेकरांना आपले मानणारा गुरुजी मिळावा म्हणून. चळवळीच्या बळावर नोकरीला लागलेल्या गुरुजींच्या हातातही तीच छडी असेल, तर काय बदलले?

मार खाल्लेले मूल आधी प्रश्न विचारणे सोडते, नंतर शाळा सोडते. आपल्याला निमूट मान खाली घालणारी पिढी नको, प्रश्न विचारणारी हवी. तेव्हा बापांनो, गुरुजींना ‘मारा’ म्हणू नका. ‘शिकवा’ एवढेच ठणकावून सांगा!