इंग्रजी शाळा : पालकांचा हिशेब आणि चळवळीचा

खासगी इंग्रजी शाळांविषयी समाजवादी चळवळीत जे बोलले जाते त्यात संताप पुष्कळ आणि माहिती थोडी असते. डॉ. लोहियांनी ‘अंग्रेजी हटाओ’ची हाक दिली तेव्हा इंग्रजी हे मूठभरांच्या हातातील हत्यार होते. आज त्याच भाषेसाठी रिक्षाचालक आणि धुणीभांडी करणारी बाई पोटाला चिमटा घेऊन फी भरत आहेत. त्यांना ‘भ्रमित’ म्हणणे सोपे आहे. आपली मुले अगोदरच इंग्रजी शाळेत घातलेल्या कार्यकर्त्यांना तर ते फारच सोपे जाते.

हे पालक भ्रमित नाहीत. २००५ च्या देशव्यापी कुटुंब-पाहणीच्या आधारे अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष असा की, शिक्षण व अन्य बाबी समान धरल्या तरी अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची ताशी मिळकत इंग्रजी मुळीच न येणाऱ्यापेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक असते. मोडके इंग्रजी येणाऱ्याची सुमारे १३ टक्क्यांनी. मात्र त्याच अभ्यासात एक कटू सत्यही आहे. तरुण कामगारांपैकी हा लाभ केवळ उच्चशिक्षितांच्याच पदरी पडतो. म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आठवी-नववीत गळालेल्या मुलाच्या हाती काही लागत नाही, आणि फी तर भरून झालेली असते.

मुंबईतील दादरच्या शाळांचा कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. वीस वर्षांतील मराठी कुटुंबांच्या शाळानिवडीचा मागोवा घेताना त्यांना आढळले की, कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुली इंग्रजी माध्यमाकडे झपाट्याने वळल्या, मुलगे मात्र मराठी शाळांतच अधिक राहिले. कारण भाषाभिमान नव्हे. गिरणीत, गोदीत, कारखान्यात नातेवाईक व जातभाई मुलाला चिकटवून देत. मुलींसाठी असे जाळे कधी नव्हतेच, म्हणून त्या मोकळ्या राहिल्या. ज्या आपुलकीने गावाकडच्या माणसाला शहरात भाकरी मिळवून दिली, तिनेच त्याच्या नातवाला जुन्या धंद्याशी जखडून ठेवले; आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्या तर एकामागून एक बंद पडत गेल्या. श्रमिकांच्या एकजुटीचे गोडवे गाणाऱ्यांना हा निष्कर्ष बोचेल. तथापि तो टाळता येणार नाही.

मग खासगी शाळा हा उपाय आहे काय? बाजाराचे पुरस्कर्ते तसे सांगतात. आंध्र प्रदेशातील १८० खेड्यांत २००८ पासून सोडत काढून गरीब मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी अनुदान देण्यात आले. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात ही मुले सरकारी शाळेतील मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत मात्र बरीच पुढे होती. खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या एक-तृतीयांशाहून कमी होता, याचे कौतुक होते. ही काटकसर कोठून आली? मुख्यतः शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारातून. पण याच शाळांत शिक्षक अधिक हजर असत व वर्गात प्रत्यक्ष शिकवताना आढळत, हेही शिक्षक संघटनांनी कानाआड करू नये.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. मागणी केली ती सरकारने मान्य केली; शिक्षकाला ती भाषा बोलता यावी यासाठी खर्च करण्याची वेळ आली तेव्हा हात आखडला. उलट, शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के जागांतूनही पळवाट काढण्याचा प्रयत्न फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो हाणून पाडला.

न्यायालयाने केले ते पक्षाचे काम नव्हे काय? प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील शाळांची साधी पाहणी करावी: फी किती, शिक्षकाच्या हाती पगार किती पडतो, पाचवीच्या मुलाला मराठीचा उतारा वाचता येतो का, आणि इंग्रजीचा येतो का. ही चार उत्तरे घेऊन महापालिकेच्या शिक्षण समितीपुढे उभे राहिल्यास मराठी शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकासाठी पैसा मागताना कोणाला पळवाट उरणार नाही.