माशीची जात विचारावी!

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात गांधीलमाशीवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे प्राणिशास्त्राचा विभाग नाही, सूक्ष्मदर्शक नाही, टाचण्यांना टोचलेल्या किड्यांची पेटी नाही. पण मराठीच्या तासाला एकनाथी भागवताचे नाव निघते, आणि माझा विषय तेथूनच सुरू होतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. नाथांची टीका याच स्कंधावर आहे. त्या चोविसांत अगदी शेवटचा गुरू म्हणजे मातीचे घर करणारी माशी. ती अळीला धरून आणते, घरात कोंडते. अळी भीतीने तिचेच ध्यान करीत राहते आणि अखेर स्वतःच माशी होते. हाच तो कीटकभृंगी न्याय. ध्यानाचा महिमा सांगायला दृष्टांत सुंदर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या मातीच्या घरात प्रत्यक्ष काय घडते? माशी अळीला नांगी मारून लुळी करते, मारून टाकीत नाही. घरात आपले अंडे घालते, अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेले पिल्लू ही ताजी शिदोरी खाऊन वाढते आणि यथावकाश भिंत फोडून बाहेर पडते. बाहेर उभ्या माणसाला दिसले ते इतकेच, की आत अळी गेली आणि बाहेर माशी आली. त्याचे डोळे खोटे बोलले नाहीत. मधला भाग तेवढा पाहायचा राहिला.

तो मधला भाग पाहण्याचे साधन आज बहुतेकांच्या खिशात आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखे छोटे भिंग लावले की माशीच्या डोळ्यावरची जाळी आणि पायावरचे केसही दिसू लागतात. महाराजबागेतल्या ओल्या वाफ्यांपाशी किंवा फुटाळ्याच्या काठच्या चिखलापाशी पावसाळा सरताना तासभर बसावे, माती न्यायला आलेल्या माश्या आपणहून समोर येतात. छायाचित्रे निघतात, मित्रमंडळींत फिरतात, वाहवा होते. खाली ओळ असते, ‘निसर्गाची किमया’! कोणाची किमया, ते मात्र कोणी लिहीत नाही. माझे म्हणणे असे, की जातीपर्यंत, निदान कुळापर्यंत ओळख पटवण्याची खटपट ज्याने केली नाही, त्याने माशी अर्धीच पाहिली.

उदाहरण आपल्या घरच्या भिंतीवरचेच घेऊ. आपण ‘कुंभारीण’ म्हणतो ती माशी एक नाही. मडक्याच्या आकाराचे सुबक घर करणारी डेल्टा प्रजातीतली माशी ही गांधीलमाशीच्या कुळातली. दाराच्या चौकटीवर मातीचा ओबडधोबड गोळा थापणारी, काळी-पिवळी, दोऱ्यासारख्या कमरेची ती स्केलिफ्रॉन. तिचे कूळच वेगळे. यांतली एक जात १७८१ साली डेन्मार्कच्या फॅब्रिशियसने नोंदवली आणि तिच्या नावात आपले मद्रास गुंफले, स्केलिफ्रॉन मद्रासपटॅनम. आता फरक पाहा. डेल्टा आपल्या घरात अळ्या भरते. स्केलिफ्रॉन कोळी भरते. भागवतातल्या दृष्टांताला अळीवाली कुंभारीण हवी, कोळीवाली चालायची नाही! शेतकऱ्यालाही हा फरक कळला तर हवाच आहे, कारण अळी पीक खाते आणि कोळी पीक खाणाऱ्या किडींना खातो. मराठीत मात्र दोघींना एकच नाव.

हा फरक छायाचित्रात कळतो कसा? माशी स्वस्थ बसलेली असताना वरून एक चित्र घ्यावे. गांधीलमाशीच्या कुळातल्या माश्या पंख लांबट घडी घालून मिटतात, स्केलिफ्रॉनचे पंख बिनघडीचे राहतात. दुसरे चित्र बाजूने घ्यावे, म्हणजे कंबर दिसते. तिसरे समोरून, कारण चेहऱ्यावरचे पट्टे कामाला येतात. नुसत्या पोटाच्या रंगावर विसंबू नये. तरी काही ठिकाणी रंगही पुरतो: तांबूस अंगाची, पिवळ्या चेहऱ्याची आणि पोटाच्या मध्याच्या मागे पिवळा पट्टा असलेली मोठी माशी व्हेस्पा ओरिएंटॅलिस, तर काळपट अंगावर पुढच्या भागात एकच रुंद पट्टा असेल तर व्हेस्पा ट्रॉपिका. चित्र फारच स्पष्ट आले तर मिशांचे मणी मोजावेत. मादीला बारा, नराला तेरा. तेरा भरले तर निर्धास्त राहा, नराला नांगीच नसते. (मोजून होईपर्यंत तो थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.) तारीख, जागा आणि तोंडात काय धरले होते, हेही लिहून ठेवावे. शक्यतो सकाळी गारठ्यात जावे आणि पोळ्यावर आपला श्वास जाऊ देऊ नये. त्याने माश्या चवताळतात.

शास्त्राच्या मराठी पुस्तकांत या शेवटच्या ओळखीला ‘जाती’ हा शब्द आहे. दीक्षाभूमीच्या शहरात राहून मी जात विचारा असे लिहितो आहे, याची मला जाणीव आहे. माणसाची जात विचारतात ती त्याला न पाहताच जोखण्यासाठी. माशीची जात कळायला आधी तिच्यासमोर तासभर बसावे लागते.

शास्त्र शाखेचे मित्र म्हणतात, “फोटोवरून जात ठरत नसते, नमुना लागतो.” त्यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. २००६-०७ च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकूण पसरला. आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतून नमुने गोळा करून तो बाहेरून आलेला फेनॅकॉकस सोलेनॉप्सिस असल्याचे दाखवले. मग त्या ढेकणावर जगणारी एक इवलीशी परोपजीवी माशी आपणहून शेतांत आढळू लागली. २००९ साली अलीगढच्या हयात यांनी तिला नवी जात मानून शास्त्रज्ञ डॉ. बंबावाले यांच्या नावावरून एनॅशियस बंबावालेई म्हटले. पुढे लक्षात आले, की ही अमेरिकेत आधीच नोंदलेली एनॅशियस ॲरिझोनेन्सिस आहे. नमुना हाताशी असून तज्ज्ञांचे असे होते, तेथे आमच्या मोबाईलने छाती फुगवू नये हेच बरे. पण टाचणीवरची वाळलेली माशी तोंडात कोळी धरून उडत नसते. ती कोठे राहते, काय खाते, पोळ्यावर कोणाशी कशी वागते, हे जिवंत माशीच सांगते. बंगळूरचे राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनेटा या साध्या कागदी पोळ्याच्या माशीवर अनेक दशके काम केले, ते माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके लावून, एकेकीला ओळखून. त्या पोळ्यावरची राणी दांडगाई न करणारी, अगदी गरीब स्वभावाची असते, हे असे बसून पाहिल्यामुळेच कळले.

आमच्या घरी कपाशी असते. बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड आणले, तेव्हा पानामागे कार्डाचा तुकडा टाचताना बाबांनी विचारले, “याच्यात माशी कोठी हाय?” ट्रायकोग्रामाची माशी एक मिलिमीटरही भरत नाही, बोंडअळीच्या अंड्यातच ती आपले अंडे घालते. जी दिसत नाही तिच्यावर भरवसा ठेवायचा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या फवाऱ्यावर ठेवायचा नाही, हे शेतकऱ्याला सांगणे सोपे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर तरी शेतातल्या माश्यांची ओळख हा केवळ छंदाचा विषय राहू नये.

आता एक जवळची गोष्ट. वाचनालयाच्या मागच्या खिडकीला बाहेरून एक कागदी पोळे लटकले आहे. ते रॉकेलच्या बोळ्याने जाळावे, अशी मागणी काही विद्यार्थ्यांनी केली आहे. डंखाची भीती खोटी नाही; एखाद्याला त्याची वावडी असते आणि जीवही जाऊ शकतो. पोळे प्रवेशद्वारावर असते तर जाणत्या माणसाकडून रात्री काढवून घ्या, असे मीच म्हटले असते. पण ती खिडकी एरवीही बंद असते आणि पोळे काचेपलीकडे वीतभर अंतरावर आहे. म्हणजे भिंग लावून पाहायला याहून सोयीची आणि सुरक्षित जागा साऱ्या महाविद्यालयात नाही. मी गेल्या महिन्यात काचेतून तिची तीन बाजूंनी चित्रे घेतली आहेत. माझ्या मते ती रोपॅलिडियाच. मार्जिनेटा की दुसरी, ते जाणकारांनी पाहून सांगावे. चित्रे ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली आहेत. जाळण्याचा निर्णय घेण्याआधी प्राध्यापकांनी आणि मित्रांनी ती एकदा पाहावीत, आणि खिडकीजवळचा बाक तेवढा दोन हात अलीकडे ओढावा.