वादळाची रेघ आणि आडसाली ऊस

आम्हांला एक नाद आहे. अरबी समुद्रात कमी दाब तयार झाला की नकाशा काढायचा, हवामान खात्याच्या बातमीवरून वादळाची जागा टिंबाने मांडायची आणि टिंबे जोडत जायचे. घरची मंडळी हसतात. हसोत बापडी!

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. पुष्कळांना वाटले, हे कोकणचे दुखणे, मध्ये सह्याद्री उभा आहे. पण आमची रेघ ईशान्येला, नाशिकच्या अंगाने निघाली होती. जमिनीवर समुद्राची वाफ तुटते, वादळाचा जोर मोडतो. पाऊस मात्र सोबत येतो. रात्री तो आलाच.

चूक आमची. रेघ दिसत असूनही “पाणी थांबवा” हा निरोप आम्ही गटात धाडला नाही. दहा-अकरा महिन्यांचा आडसाली ऊस, त्यात आदल्या दिवशी भिजवलेला. लोळायला कितीसा वारा लागतो? लोळलेल्या उसाला उंदीर लागतात, पांगशा फुटतात, तोडणीवाले कुरकुरतात, उतारा घटतो तो वेगळाच.

म्हणून आमचे मत असे की, प्रत्येक गट कार्यालयात नकाशा टांगावा. चक्रीवादळ असताना खाते दर तीन तासांनी जागा कळवते. चिटबॉयने टिंब मारावे. किनाऱ्याला कुठे लागणार एवढेच पाहू नये, पुढचा रस्ताही पाहावा. रेघ इकडे वळली की पाणी बंद, चर मोकळे, उंच ऊस पाचटाने बांधून घ्यावा. खात्याचा अंदाज कधी चुकेलही; मग पाण्याची पाळी चार दिवस लांबली, एवढेच.