कोयता मुलाच्या हाती, सूत्रे कोणाच्या हाती?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणाऱ्या मुलाचे वय होते सतरा वर्षे आठ महिने. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने त्याला जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. महाराष्ट्र संतापला आणि तो संताप रास्तच होता. परंतु संतापाच्या त्या दिवसांत आपण मागितले काय, हेही एकदा आठवून पाहावे. एका बाजूने आरोळी उठली की सज्ञानतेचे वय सोळावर आणा. दुसऱ्या बाजूने वातानुकूलित सभागृहांतले परिसंवादपटू सांगू लागले की मूल हे मूलच असते, दोष केवळ परिस्थितीचा. या गदारोळात एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. बाल न्याय मंडळासमोर समाजाच्या वतीने बोलणारा माणूस कोण?

त्याला सरकारी अभियोक्ता म्हणतात. बोलीत सरकारी वकील. मुलाच्या बाजूला वकील असतो. गरीब मुलासाठी विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यावा, अशी कायद्याचीच आज्ञा आहे आणि ती योग्य आहे. श्रीमंत मुलाच्या बाजूला तर वकिलांची फौज असते. आणि समाजाच्या बाजूला? लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली जो कायदा झाला, त्यात विशेष सरकारी अभियोक्ता नेमण्याची तरतूद आहे. त्याला किमान सात वर्षांच्या वकिलीचा अनुभव हवा, असेही लिहिले आहे. मूल बळी असते, तेव्हा शासनाला अनुभवी वकील हवा असे वाटते. मूल आरोपी असते, तेव्हा तसा आग्रह बाल न्याय अधिनियमात दिसत नाही. जणू या मंडळापुढचे काम म्हणजे किरकोळ काम!

ते किरकोळ नाही, हे त्याच प्रकरणाने दाखवून दिले. लोकक्षोभानंतर २२ मे रोजी त्या मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, जामीन मिळालेला असताना त्याला तेथे ठेवणे बेकायदेशीर आहे, असे सांगून त्याची सुटका केली. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालविण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. अनेकांना यात केवळ पैशाचा प्रभाव दिसला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली होती, तेव्हा तशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण कायदाही नीट वाचावयास हवा. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा, तर गुन्हा ‘निर्घृण’ असावा लागतो, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा असावी लागते. सदोष मनुष्यवधाला दहा वर्षांपर्यंतची, प्रसंगी जन्मठेपेचीही शिक्षा असली, तरी सात वर्षांची किमान शिक्षा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच असे गुन्हे निर्घृण ठरत नाहीत असा निर्णय दिला आणि संसदेने २०२१ च्या दुरुस्तीत त्यांना ‘गंभीर’ या मधल्या वर्गात बसविले. तेव्हा आपल्या लोकप्रतिनिधींनी यावर किती चर्चा केली, हे ज्याने त्याने आठवावे.

आता वय घटविण्याच्या मागणीविषयी. समजा, उद्या मर्यादा सोळावर आणली. पुण्यात गेली काही वर्षे ज्यांनी दहशत माजविली, त्या कोयता टोळ्यांचे ‘भाई’ काय करतील? ते पंधरा वर्षांचा मुलगा शोधतील. आजही ते हेच करतात. ‘तू लहान आहेस, तुला काही होत नाही’ हे वाक्य वस्तीतल्या मुलाला प्रथम कोणी ऐकविले असेल, तर ते या भाईने. कायद्याच्या पुस्तकाने नव्हे. मुलाच्या हाती कोयता देणारा, त्याचा व्हिडिओ काढून फिरविणारा आणि जामिनाच्या दिवशी मंडळाच्या फाटकाबाहेर दुचाकी घेऊन उभा राहणारा हा सज्ञान माणूस आहे. त्याचे काय होते?

बहुधा काहीच होत नाही, आणि येथेच अभियोक्त्याचे खरे काम सुरू होते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन हा नियम आहे. परंतु तो सुटल्यास ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याचा वा त्याला नैतिक, शारीरिक, मानसिक धोका पोहोचण्याचा संभव असेल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होणार असेल, तर मंडळ जामीन नाकारू शकते. मुलाला त्या भाईपासून दूर ठेवण्यासाठीच ही तरतूद आहे. मात्र अमुक मुलाच्या मागे अमुक टोळी आहे, हे मंडळाला सांगणार कोण? वस्तीला ते ठाऊक असते, हवालदाराला ठाऊक असते. ऐन वेळी फाईल हाती आलेल्या वकिलाला मात्र ते ठाऊक नसते. तो उभा राहतो, ‘जामिनास विरोध आहे’ एवढे म्हणतो आणि खाली बसतो. दोष त्या एकट्याचा नाही. त्याला पूर्वतयारीस अवधीच कोणी देत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कलम २३ प्रमाणे मुलाचा आणि सज्ञान आरोपीचा खटला एकत्र चालत नाही. तत्त्व उत्तम आहे. मुलांना सराईतांपासून वेगळे ठेवावे, याच विचाराने मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता. परंतु व्यवहारात होते असे की, मुलाची फाईल मंडळाकडे जाते आणि सज्ञानाची सत्र न्यायालयाकडे. दोन ठिकाणी दोन वकील, दोन तारखा. मुलगा मंडळापुढे जे सांगतो ते तिकडे पोहोचत नाही, तिकडे जे सिद्ध होते ते इकडे येत नाही. या दोन फाईलींच्या मधल्या फटीतून टोळीचा म्होरक्या निसटतो.

वास्तविक त्याला पकडण्याचे शस्त्र आता अधिक धारदार झाले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ९५ सांगते की, गुन्हा करण्यासाठी जो कोणी बालकाला भाड्याने घेईल वा कामाला लावील, त्याला किमान तीन व कमाल दहा वर्षे कारावास. आणि तो गुन्हा प्रत्यक्ष घडला असेल तर तो जणू त्यानेच केला, असे मानून त्या गुन्ह्याचीही शिक्षा. याउलट बाल न्याय अधिनियमातील बालकांकडून अमली पदार्थ वाहून नेण्यासारखे, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे संसदेने २०२१ च्या दुरुस्तीत अदखलपात्र ठरविले. ही दुरुस्ती कोणत्या शहाणपणातून झाली, ते प्रस्तुत लेखकाला आजतागायत उमगलेले नाही. म्हणूनच पहिल्याच दिवशी कलम ९५ लावण्याचा आग्रह धरणारा, दोन्ही फाईली हाताळणारा अभियोक्ता हवा. प्रत्येक कोयत्यामागचा सज्ञान माणूस आरोपपत्रात आलाच पाहिजे, असा त्याचा नियम असावा.

आणि ज्याच्या मागे कोणी भाई नाही, त्या पहिलटकराचे काय? मोबाईल चोरलेला, मारामारीत सापडलेला मुलगा. त्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपावी, असे कायदा म्हणतो. किरकोळ प्रकरण तेवढ्यात संपले नाही तर ते बंद होते. तारखा मागणारा अभियोक्ता त्या मुलाला दुसऱ्या गुन्ह्याची दीक्षा देत असतो. समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख, पालकांना दंड हे सारे आदेश मंडळ देऊ शकते. ते मागावे लागतात, आणि नंतर त्यांचे पालन झाले का, हेही विचारावे लागते.

पालकांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या घरांकडेही पाहू. दहावीत चांगले गुण पडले म्हणून पंधरा वर्षांच्या चिरंजिवांच्या हाती दुचाकीची किल्ली देणारे वडील आपल्याच शाखेत, आपल्याच सोसायटीत आहेत. मुलगा पकडला गेला की तेच ओळखीच्या नगरसेवकाला फोन करतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड ठेवला आहे. कल्याणीनगरच्या धनाढ्यावर तुटून पडणाऱ्या आपल्यापैकी कितीजण हा दंड मुकाट्याने भरतील?

येत्या हिवाळी अधिवेशनात नागपुरात आपल्या आमदारांनी सभागृहात पुढील माहिती मागावी. राज्यातील किती बाल न्याय मंडळांपुढे केवळ त्याच कामासाठी नेमलेला अभियोक्ता आहे? कलम ९५ खाली किती सज्ञानांवर आरोपपत्र दाखल झाले? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० नुसार जिल्हा अभियोग संचालनालये किती जिल्ह्यांत उभी राहिली? वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी विधानसभेच्या उत्तराची वाट पाहू नये. कोणत्या मुलाला कोण फिरवितो, हे त्यांना ठाऊक असते. ती माहिती पोलीस ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि त्या मुलाचे प्रकरण मंडळापुढे येईल त्या दिवशी ती पोच अभियोक्त्याच्या हाती ठेवावी.