दादांचे कान आणि मोटारीचें दार

ज्यानें उभा जन्म शाळेंत शब्द आणि धातु चालवून घेण्यांत घालविला, त्या मास्तरानें मोटारीच्या स्पीकरांवर लिहावें हें आमच्या नेहमींच्या वाचकांस थोडें विचित्र वाटेल. परंतु या लेखाचा उगम यंत्रांच्या हौसेंत नसून आमच्याच घरीं घडलेल्या एका अन्यायांत आहे. आणि त्या अन्यायांत आमचाहि वांटा असल्यामुळें तो सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

आमचे वडील बंधु, ज्यांना घरांतील लहानथोर सारींच दादा म्हणतात, यंदां शहात्तर वर्षांचे झाले. घरीं जी उंच बांध्याची, सात माणसांची मोटार आहे (हल्लीं अशा मोटारीस एसयूव्ही म्हणतात), तींत त्यांची जागा ठरलेली: पुढें, चालकाच्या डाव्या हातास, गुडघे लांब करतां येतात म्हणून. प्रवासास निघालें कीं त्यांची मागणी एकच असे. आमच्या तीर्थरूपांचें १९७९ सालच्या गणेशोत्सवांतील एक कीर्तन फितीवर उतरविलेलें होतें. आमच्या चिरंजीवांनीं तें आतां आपल्या मोबाइलमध्यें घेतलें आहे. तेवढें लावलें म्हणजे दादा तृप्त. गेल्या दोन वर्षांत मात्र असें होऊं लागलें कीं, कीर्तन सुरू झाल्यावर पांच मिनिटांतच ते म्हणत, "शब्द कळत नाहींत रे, जरा वाढव." वाढवावें, तर लगेच कपाळास आठ्या घालून म्हणत, "पुरे, कान फुटतील!" मागें बसलेल्यांस तर सर्व स्वच्छ ऐकूं येई. तेव्हां दादांचे कान गेले, असा घरांत एकमतानें निकाल झाला. कुणी श्रवणयंत्राची जाहिरात कापून आणली, कुणी हंसलें. आम्ही स्वतः एकदां वाईच्या वाटेवर जरा चिडूनच बोललों, "दादा, आवाज वाढवून कांहीं होणार नाहीं, तुमचे कानच आतां थकले." ते यावर कांहींच बोलले नाहींत. पुढें चार प्रवास झाले, पण त्यांनीं कीर्तन मागितलें नाहीं. खिडकीबाहेर पाहात बसत.

गेल्या ज्येष्ठांत दादा बरोबर नसतां आमची सून त्या जागीं बसली होती. चिरंजीवांनीं बातम्या लावल्या. थोड्या वेळानें ती मागें वळून म्हणाली, "मामंजी, इथें तर मलाहि धड कांहीं कळत नाहीं!" बत्तीस वर्षांच्या कानांनीं दिलेली ही साक्ष ऐकून आमची काय अवस्था झाली असेल, ती वाचकांनींच ओळखावी.

घरीं येतांच परीक्षा केली. आवाज डावा-उजवा आणि पुढें-मागें सरकविण्याची सोय बहुतेक मोटारींच्या स्टिरिओंत असते. ती वापरून एका वेळीं एकच स्पीकर बोलता ठेवला. मागचे दोन्ही ठीक होते, पुढचा उजवा बरा होता, आणि पुढचा डावा, म्हणजे दादांच्या गुडघ्याशेजारचा, फुटक्या मडक्यावर बोटें वाजवावीं तसा खरखरत होता. ही परीक्षा दोन मिनिटांची, फुकटची. ती दोन वर्षें कोणास सुचली नाहीं. मनुष्याचे कान बिघडले असें म्हणणें दार उघडून पाहण्यापेक्षां सोपें असतें, हेंच खरें कारण.

स्पीकर हें यंत्र मुळांत फार साधें आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक वेटोळें टांगलेलें असतें. विजेच्या आंदोलनांप्रमाणें तें मागेंपुढें हालतें व आपल्याबरोबर कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकु हालवितें. त्या शंकूनें ढकललेली हवा म्हणजेच आवाज. अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं या यंत्रास जें रूप दिलें, तेंच थोड्याफार फरकानें अजून चालूं आहे. शंकूच्या कडेला त्यास सांभाळणारी एक मऊ वळी असते. ती फोमची असली तर उन्हानें आणि दमटपणानें भुगा होते. रबराची असली तर पुष्कळ टिकते. चिरंजीवांनीं दाराचें आंतलें पॅनेल काढलें तेव्हां डाव्या स्पीकरची वळी अर्धीअधिक सुटलेली आणि कागदी शंकु भिजून लोळा झालेला आढळला. त्याचें कारणहि तेथेंच दिसलें. मोटारीच्या दारांत पावसाचें पाणी शिरतच असतें. तें कांचेवरून उतरून दाराच्या तळाच्या भोंकांवाटें बाहेर जातें. तें आंत येऊं नये म्हणून पॅनेलमागें प्लास्टिकचा पडदा चिकटविलेला असतो, आणि आमच्या मोटारींत त्याचीच झोळी स्पीकरच्या पाठीशीं केलेली होती. दोन वर्षांपूर्वीं त्या दाराची कांच अडकली असतां एका कारागिरानें ती दुरुस्त केली आणि तो पडदा फाडून तसाच कोंबून ठेविला. दादांचे कान नेमके तेव्हांपासून "गेले" होते.

आतां नवा स्पीकर घेणें आलें. ॲक्सेसरीजच्या पहिल्या दुकानांत एका उत्साही गृहस्थानें आमच्यापुढें चकचकीत खोकीं मांडलीं. एकावर तीनशें वॉट, दुसऱ्यावर चारशें! मागें मोठे ओव्हल बसवा, डिकींत बेसची पेटी ठेवा, म्हणजे मोटार हालेल, असें त्याचें म्हणणें. आम्हांस मोटार हालवावयाची नव्हती. खोक्यावरील मोठा आंकडा हा क्षणभराच्या धक्क्याचा असतो; सतत पेलवणारी शक्ति आर.एम.एस. या अक्षरांपुढें, बहुधा बारीक टाइपांत, छापलेली असते. शिवाय शक्ति देणारा स्टिरिओ आहे, स्पीकर नव्हे. इंजिन चालूं असतां मोटारीच्या विजेचा दाब सुमारें चौदा व्होल्ट. तेवढ्यावर साधा स्टिरिओ चार ओहमच्या एका स्पीकरास वीसेक वॉटांहून फारसें अधिक देऊं शकत नाहीं. ज्या घरीं वीस रुपये यावयाचे, तेथें चारशें रुपयांची तिजोरी घेऊन काय करावयाचें?

पाहावयाचें तें निराळें. एक म्हणजे स्पीकरची संवेदनक्षमता. एका वॉटांत एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, हें माहितीपत्रकावर असतें. तीन डेसिबलांचा फरक लहान दिसतो, पण तेवढें भरून काढावयास दुप्पट शक्ति लागते. स्टिरिओ जुनाच ठेवणाऱ्यानें नव्वद डेसिबलांच्या वरचा स्पीकर पाहावा. दुसरें, ओहम. बहुतेक स्पीकर चार ओहमचे असतात. मूळच्यापेक्षां कमी ओहमचा लावला तर स्टिरिओ तापून मरण्याची धास्ती. तिसरी गोष्ट खोली. आमच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर बसतो. पण एका मोठ्या चुंबकाच्या स्पीकरवर आम्ही लुब्ध झालों असतां चिरंजीवांनीं दारांत पट्टी घालून, कांच पूर्ण खालीं करून माप घेतलें, तों कांच त्या चुंबकावर आपटली असती. कांच वर असतां माप घेणारे कित्येकजण या जागीं फसतात.

परंतु आमच्या दृष्टीनें खरा प्रश्न याहून वेगळा होता, आणि तो आमच्या जुन्या विषयाचा निघाला. दादा "शब्द कळत नाहींत" म्हणत. "ऐकूं येत नाहीं" असें ते कधींच म्हणाले नाहींत. हा भेद आम्हीं, वर्णोच्चार शिकविणाऱ्या माणसानें, दोन वर्षें दुर्लक्षिला! भाषेंतील स्वरांचें बळ बहुतांशीं सेकंदास हजार आंदोलनांच्या खालीं असतें. अ, आ, ओ हे भरदार असतात, दुरून ऐकूं येतात. व्यंजनें मात्र, आणि त्यांतहि आपण ज्यांना ऊष्म म्हणतों ते श, ष, स, हीं क्षीण आणि उंच. त्यांची ओळख दोन हजारांपासून आठ हजार आंदोलनांपर्यंतच्या पट्ट्यांत होते. वृद्धपणीं कानाची जी शक्ति प्रथम उतरते ती याच वरच्या पट्ट्यांतली. म्हणून वृद्धास आवाज ऐकूं येतो आणि शब्द कळत नाहीं. त्याच्याशीं ओरडून बोलावें तर स्वर तेवढे मोठे होतात. आणि अशा कानांस मोठा आवाज इतरांहून लवकर असह्य होतो. "वाढव" आणि "पुरे" हीं दादांचीं दोन वाक्यें परस्परविरुद्ध नव्हतीं.

आतां मोटारीचें दार पाहा. स्पीकर बसतो पोटरीच्या उंचीवर. खालचे सूर वाटेल तसे वळून पसरतात. उंच सूर मात्र बाणासारखे सरळ जातात, आणि वाटेंत दादांचें धोतर, त्यांची पिशवी, आसनाची कड. सगळे ऊष्म वर्ण तेथेंच जिरतात. आमची मोटार तर उंच. तींत कान आणि स्पीकर यांच्यांत अधिकच अंतर. म्हणून एकाच चकतींत मोठा व छोटा स्पीकर बसविलेला कोअॅक्सिअल प्रकार न घेतां आम्हीं पुढच्या दोन दारांसाठीं कंपोनंट संच घेतला: मोठा स्पीकर दारांत खालीं, आणि उंच सुरांचा चिमुकला ट्वीटर स्वतंत्र. तो आम्हीं खिडकीच्या कोपऱ्यांतील, आरशामागच्या त्रिकोणी पट्टींत, कानाच्या वाटेंत बसविला. पुढच्या कांचेच्या खांबाचें आवरण जाणूनबुजून टाळलें. पुष्कळ मोटारींत त्याच्यामागें अपघाताच्या वेळीं फुगणारी हवेची पिशवी घडी करून ठेविलेली असते, तेथें भोंक पाडणें म्हणजे संकटास आमंत्रण.

बसविण्याचें काम चिरंजीव व आमचा नातू यांनीं एका रविवारीं अंगणांत केलें. आम्हीं स्क्रू मोजण्याचें काम केलें. प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडविलें. हातकडीच्या झांकणाखालीं लपलेले स्क्रू काढून पॅनेल प्लास्टिकच्या उचकटणीनें सोडविलें. तरी तीन क्लिपा मोडल्याच. त्या आधींच जादा आणून ठेवाव्या. मूळच्या तारा कापल्या नाहींत. दुकानांत मिळणारा कपलर मधें जोडला, म्हणजे उद्यां जुनें तें परत बसवितां येतें. नवी मोटार असेल त्यानें तर तारेस कात्री लावूंच नये. स्पीकरखालीं जें कडें लागतें तें लांकडाच्या भुशाचें घेऊं नये, तें पाण्यानें फुगतें. आम्हीं प्लास्टिकचें घेतलें. त्याच्याभोंवतीं फोमची पट्टी दिली, कारण शंकूच्या पाठीकडची हवा फटींतून पुढें आली तर दोन्ही लाटा एकमेकींस खातात व खालचे सूर नाहींसे होतात. दाराच्या पत्र्यास डांबरी वळणाच्या डॅम्पिंग शीटचे तुकडे चिकटविले, म्हणजे पत्रा स्पीकरबरोबर गाणें म्हणत नाहीं. तळाचीं भोंकें तेवढीं मोकळीं ठेविलीं. फाटलेला पडदा टाकून नवा, सर्व बाजूंनीं नीट चिकटविला. या किरकोळ सामानाचा खर्च स्पीकरच्या किंमतीच्या चौथाईहि नव्हता. पण आमच्या मतें अर्धा गुण त्याचाच.

सगळें जोडून कीर्तन लावलें, तों आवाज पोकळ! तीर्थरूप जणूं विहिरींतून बोलत होते. आमच्या कुटुंबानें तत्काळ मत दिलें, "जुनाच बरा होता." पण आवाज एकाच बाजूस सरकवितांच भरदार होई, मध्यावर आणतांच पोकळ. याचा अर्थ एका दारांत धन आणि ऋण तारांची अदलाबदल झाली होती. एक शंकु पुढें ढकली तेव्हां दुसरा मागें ओढी. घड्याळांतला दीड व्होल्टचा सेल मोठ्या स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावून पाहावा. धनास धन मिळालें असेल तर शंकु बाहेर येतो. चूक उजव्या दारांत सांपडली. नातवानें ती पांच मिनिटांत सुधारली.

दादांस आम्हीं कानाच्या डॉक्टरांकडेहि नेलें. तें टाळणें बरें नव्हतें. वरच्या सुरांची घट दोन्ही कानांत आहे, असें तपासणींत निघालें, आणि यंत्र लावून पाहावें असा सल्ला मिळाला. दादा म्हणतात, दिवाळीनंतर पाहूं. म्हणजे आमचा तर्क सगळाच खोटा नव्हता. पण फाटक्या स्पीकरचें पापहि आम्हीं त्यांच्याच कानांवर घातलें होतें.

गेल्या पंधरवड्यांत पुन्हा वाईस जाण्याचा योग आला. दादांनीं कांहीं मागितलें नाहीं. चिरंजीवांनीं आपण होऊनच कीर्तन लावलें. खंबाटकीचा घाट येईपर्यंत ते स्तब्ध होते. मग एकाएकीं म्हणाले, "येथें पेटीवाल्यानें सूर चुकीचा दिला. वडिलांनीं त्याच्याकडे असें पाहिलें होतें, आठवतें का रे?" आम्हांस आठवत नव्हतें, त्या वेळीं आम्ही मंडपांत झोंपीं गेलों होतों. आम्ही मागच्या वेळच्या आमच्या बोलण्याविषयीं कांहीं म्हणणार, तोंच त्यांनीं हात वर करून आम्हांस गप्प केलें आणि चिरंजीवांस म्हणाले, "जरा कमी कर. इतका मोठा कशाला?"

आवाज कमी झाला, आणि मागच्या आसनावरून आमच्या कुटुंबाची तक्रार आली कीं आतां शब्द कळत नाहींत. मागच्या दारांचे स्पीकर अजून जुनेच आहेत. क्लिपा आणून ठेविल्या आहेत.