घाटावरचा समुद्र

बुलढाण्याच्या डोंगरात मढ या गावापाशी पैनगंगा उगम पावते आणि पूर्वेकडे वळून, वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी एकेका मोठ्या नदीत आपले नाव गमावीत, अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच डोंगराच्या उत्तरेकडील उतारावर पडलेले पाणी नळगंगेत उतरते, नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्रास. ज्या जिल्ह्याच्या सातबाऱ्यावर समुद्राचा एक गुंठाही नाही, त्या जिल्ह्याच्या एकाच पावसाची वाटणी अशी दोन समुद्रांत होते. शिवाय घाटावर लोणारचे खारे सरोवर आहे, 2020 च्या जूनमध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ज्याचे पाणी गुलाबी झाले आणि साऱ्या देशाचे डोळे काही दिवस आमच्याकडे वळले; आणि घाटाखाली, पूर्णेच्या काठी, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या बाजूचा खारपाण पट्टा आहे, जिथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. मिठाची ओळख आम्हांस कोणी करून द्यावी अशी स्थिती नाही.

भूगोलाची ही उजळणी करण्याचे निमित्त असे की, गेल्या उन्हाळ्यात घाटाखालच्या एका गावची तरुण शिक्षिका आपल्या कादंबरीचे बाड घेऊन माझ्याकडे आली. घराणे ख्रिस्ती; अमेरिकेतून आलेल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव वगैरे ठिकाणी जी ठाणी वसविली, त्यांपैकी एकाच्या शाळेत तिची पणजी शिकलेली. कादंबरी मात्र अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर घडत होती. श्रद्धा गमावलेला, थोडासा पिणारा आणि पुष्कळसा देखणा नायक. चर्चच्या शाळेत शिकविणारी शांत नायिका. ऐन आषाढात वादळात सापडलेली नायकाची होडी. आणि शेवटच्या प्रकरणात वाळूवर टेकलेले गुडघे, प्रार्थना, व पुढच्याच परिच्छेदात लग्न. “काका,” ती म्हणाली, “समुद्र पाहिला नाही म्हणून लिहू नये का?”

अवश्य लिहावे, असे मी सांगितले. पण माझी हरकत समुद्राबद्दल नव्हती, गुडघ्यांबद्दल होती, आणि तिचा खुलासा मला त्या दिवशी नीटसा करता आला नाही, म्हणून तो येथे करतो.

ख्रिस्ती श्रद्धेची प्रेमकथा ही इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांतून आलेली नवी टूम आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा निर्देश केला जातो, ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (1857) याच कुळातली आहे. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झालेला, आणि स्वतः पदमनजींना बाप्तिस्मा घेऊन तीन वर्षे झालेली. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासास निघते, वाटेत विधवांची विटंबना पाहते, पुढे स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती होते, आणि एका ख्रिस्ती तरुणाशी तिचा पुनर्विवाह होतो. वाटेवरच्या विधवांच्या हकिकती आजही वाचकास अस्वस्थ करतात. शेवट मात्र कोणासही अस्वस्थ करीत नाही, कारण तो आधीच मंजूर झालेल्या अर्जासारखा आहे. मराठी कादंबरीचा जन्म अशा रीतीने धर्मांतर आणि विवाह यांच्या एकत्र निकालात झाला, आणि हा निकाल लेखकाच्या खिशात पहिल्या पानापासून होता, हे त्या कादंबरीचे आणि तिच्या पुढच्या सर्व भावंडांचे दुखणे आहे.

असल्या लिखित स्त्रियांची झडती घेणारी बाई नेमकी आमच्या बुलढाण्याची. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सुरतेच्या विजयलक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, आणि त्या संतापातून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. 1882 साली पुण्यात छापलेल्या या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. त्यात ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ असल्या त्या काळच्या लोकप्रिय कथानाटकांचाही त्यांनी समाचार घेतला आहे. पुरुषांनी बसून लिहिलेल्या या नायिका खऱ्या संसारात कोणी पाहिल्या आहेत काय, असा त्यांचा एकंदर रोख. जोतीराव फुल्यांनी या पुस्तकाची बाजू उचलून धरली, तरी पुढे ते विस्मरणात गेले ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. प्रेमकथा लिहू इच्छिणाऱ्या बुलढाण्याच्या मुलीने आधी या आपल्या गाववालीपुढे हस्तलिखित रुजू करावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. नायकाने गुडघे टेकल्यावर नायिकेने त्याचे दारू पिणे, त्याचे निघून जाणे, त्याची दोन वर्षांची मौनव्रते, हे सारे एका प्रार्थनेत खर्ची का टाकावे, हा प्रश्न ताराबाईंनी पहिल्या भेटीतच विचारला असता.

अमेरिकेत हा प्रश्न अगदी अलीकडे, आणि फार विदारक रीतीने, उपस्थित झाला. तेथील प्रेमकथालेखकांच्या संघटनेने 2021 मध्ये धार्मिक आशयाच्या विभागातील पारितोषिक ज्या कादंबरीला दिले, तिचा नायक वुंडेड नी येथे 1890 साली झालेल्या मूळनिवासींच्या कत्तलीत सामील असलेला सैनिक होता. पश्चात्ताप होऊन तो देवाकडे वळतो आणि मग प्रेमास पात्र ठरतो. वाचकांनी विचारले, ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्याकडे क्षमा मागितली कोणी? पारितोषिक परत घेण्यात आले. मला तो निर्णय योग्य वाटतो. ख्रिस्ती धर्मातील कृपेची कल्पना अत्यंत गहन आहे, ती कमाईने मिळत नाही असेच तिचे म्हणणे आहे. पण कादंबरीकार तिला लग्नाच्या हुंड्यासारखी वापरतो, तेव्हा कृपाही स्वस्त होते आणि लग्नही.

मराठीतील सर्वांत थोर ख्रिस्ती प्रेमकथा कादंबरी नाहीच. ती लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहे. नारायण वामन टिळकांच्या मनःपरिवर्तनाची सुरुवात कोण्या रम्य किनाऱ्यावर झाली नाही. 1893 मध्ये राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, एवढेच तिचे दृश्य. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि कोणत्याही सोयीस्कर कथेत जी बायको रडून, प्रार्थना करून दुसऱ्या प्रकरणात नवऱ्यामागे गेली असती, ती येथे पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने राहिली. पुढे ती नवऱ्याच्या गावी आली, तीही आपले सोवळे बरोबर घेऊन. त्याच्यावर तिचे प्रेम होते आणि त्याच्या धर्माला तिचा नकार होता, व ही दोन्ही सत्ये तिने एकाच चुलीवर शिजविली. 1900 मध्ये ती ख्रिस्ती झाली ती स्वतःच्या विचाराने, जातिभेद देवाने केलेला नाही हे स्वतःला पटल्यावर. येथे विवाह आधी आहे, विरह मध्ये आहे, श्रद्धा त्याहून वेगळ्या वाटेने आली आहे, आणि विनोद तर पानोपानी आहे. पती-पत्नी दोघेही कमालीचे हट्टी. कोणी कोणास सुधारीत नाही. माझ्या शिक्षिकेला मी हे पुस्तक दिले तेव्हा तिने ते शाळेत धड्यापुरते वाचल्याचे सांगितले, आणि हे मला समुद्र न पाहिल्यापेक्षा अधिक गंभीर वाटले.

राहता राहिला समुद्र. 1534 ते 1739 पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली असलेल्या वसई प्रांतात, उत्तन, पाचूबंदर, अर्नाळा या बाजूस मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज समुद्राकडे सूर्यास्त पाहण्यासाठी जात नाही, कामाला जातो. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. किनाऱ्यावर क्रूस उभा असतो, आणि त्याच्या सावलीत जाळी विणली जातात. मुंबई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन म्हणविणाऱ्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून उंबराचे पाणी आणतात, आणि गोड पाण्याचा हा मान खाऱ्या पाण्याच्या काठी राहणाऱ्यांनी राखलेला आहे. याहून सुंदर प्रकरण मला सुचत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून ज्या वसईसाठी लेखणी झिजविली, ती हिरव्या वाड्यांची, पाण्याच्या भांडणांची, बिल्डरांविरुद्धच्या मोर्चांची वसई होती. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारा हा धर्मगुरू मराठी वाङ्मयाच्या मुख्य दालनात ज्या सहजतेने वावरला, ती सहजता मराठी कादंबरीतील ख्रिस्ती पात्रांना अजून लाभलेली नाही. ती बहुधा मोडके मराठी बोलणारी, गिटार वाजविणारी, नाताळापुरती येऊन जाणारी असतात. तेव्हा कोणी ख्रिस्ती मुलगी आपल्या माणसांची प्रेमकथा लिहीत असेल तर ती लिहिली गेलीच पाहिजे, आणि म्हणूनच तिच्या बाडावर मी इतकी शाई उधळली.

एक चूक मात्र मी त्याच दिवशी दाखविली होती. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तिच्या नायकाची इंजिनाची होडी ऐन आषाढात खोल समुद्रात जाळी टाकीत होती. सरकारी हुकुमाने कथानकाचा कळसच बुडाला. ती हसली, मग गप्प झाली, आणि बाड बांधून घेऊन गेली.

पावसाळ्यात तिचे पत्र आले. सुटी काढून ती अर्नाळ्यास जाऊन आली होती. होड्या वर ओढून, झाकून ठेवलेल्या. पुरुष घरी बसून चिडचिडलेले. बायका मागच्या हंगामाचे सुके मासे विकून घर चालवीत होत्या. वादळाचे प्रकरण तिने काढून टाकले होते आणि त्या जागी दोन माणसे दोन महिने एका घरात रिकामी बसली होती. समुद्राबद्दल पत्रात एकच वाक्य होते. त्याचा वास, तिने लिहिले होते, अगदी आमच्या आठवडी बाजारातल्या सुकटवालीच्या पाटीचा.